दोन कानांची किटली

कॅल्डर्स ब्रूक
सोमवार, ९ ऑक्टोबर १९६१

प्रिय क्लेम,

उभा असशील तर आधी खुर्ची घे, चष्मा लाव आणि मग वाच. मला किटली मिळणार आहे!

कोणती किटली, असं विचारलंस तर बर्नीला राहून तू पुरता शहरी झालास असं समजेन. आपल्या गावच्या हॉलची किटली. दोन कानांची, निळ्या काठाची, एकदा भरली की चोवीस कप ओतणारी. दरवर्षी हॉलमधल्या स्ट्रॉबेरी-चहाच्या कार्यक्रमाला ती गेटनबीबाईंच्या हातात मिरवताना बघत मी अकरा वर्षं सिंकपाशी उभी आहे. इथली रीत तुला ठाऊक आहे. आधी भांडी घासायची, मग फडक्याने पुसायची, मग लोणी लावायचं, मग केक कापायचा आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे केस पांढरे झाल्यावर, किटली. वरची बाई हलल्याशिवाय खालची हलत नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका कशानेही हलत नाहीत. मी एकदा फडक्यापर्यंत पोचले होते. पण साखरेचं भांडं फुटलं माझ्या हातून आणि परत भांड्यांवर आले.

ऑगस्टमध्ये गेटनबीबाईंचं मनगट मोडलं. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, चांगली दहा मिनिटं. आणि त्याच महिन्यात पियानो वाजवणारी मिस प्रायर भाचीकडे सिडनीला राहायला गेली. आता संगीताशिवाय स्ट्रॉबेरीचा चहा म्हणजे नुसतं खाणं, आणि नुसतं खायला घरी बसताही येतं. समितीच्या सभेत सगळ्या जणी मान खाली घालून बसल्या. यंदा चहा रद्दच करावा असं ठरत आलं होतं. तेवढ्यात गेटनबीबाई म्हणाल्या, "जी वाजवणारा आणेल तिच्या हातात मी किटली देईन. माझा शब्द."

माझा हात आपोआप वर गेला. "माझा भाऊ येतोय," मी म्हटलं.

तेव्हा शनिवार, २ डिसेंबर, दुपारी दोन वाजता. तुझं नाव हॉलबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहून झालंय. अकॉर्डियन विसरू नकोस.

तुझी आनंदाने वेडी झालेली
थर्झा

---

बर्नी
सोमवार, १६ ऑक्टोबर

थर्झा,

उचलली जीभ लावली टाळ्याला! फळ्यावर नाव लिहिण्याआधी मला एक ओळ खरडायला तुमच्या खोऱ्यात शाईचा दुष्काळ पडला होता का?

मी येणार नाही. फडकं ओलं कर आणि नाव पुसून टाक.

माझी मर्ल जाऊन दोन हिवाळे झाले. तेव्हापासून अकॉर्डियन खोक्यात घालून कपाटावर ठेवलंय, खाली काढलेलं नाही. कारण विचारू नकोस, असं लिहिणार होतो, पण तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. म्हणून सांगून टाकतो. तीस वर्षं ती पहिल्या रांगेत बसून पायाने ठेका धरायची. लोकांना वाटायचं क्लेम पायबस ठेक्याचा पक्का. पक्की ती होती. मी तिच्या बुटाकडे बघून वाजवायचो. आता त्या खुर्चीत दुसऱ्याच कोणाचे तरी बूट असणार, आणि ते बघायची माझी तयारी नाही.

किटली तुला मिळायला हवी हे मान्य. दुसऱ्या कोणाला तरी गाठ.

क्लेम

---

कॅल्डर्स ब्रूक
सोमवार, २३ ऑक्टोबर

प्रिय क्लेम,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मर्लच्या बुटांच्या ओळीपाशी रडले. मग तोंड धुतलं आणि ठरवलं की तू येतोयस.

दुसरा कोणी गाठायला इथे आहे कोण? नवरा म्हणशील, तर कीथला शीळसुद्धा धड घालता येत नाही. तू आला नाहीस तर किटली जाईल ती जाईल, पण चहाच रद्द होईल. एकदा रद्द झाला की तो परत सुरू होत नाही. आपल्या लहानपणी इथे तीन ठिकाणी चहा व्हायचे, आठव.

शिवाय मी सराव सुरू केलाय. मागच्या अंगणात फळी टाकून चोवीस कप मांडते, पाणी घालायच्या झारीत पाणी भरते आणि एका दमात सगळे ओतते. पहिल्या दिवशी नऊ कप भरले, बाकी सगळं कीथच्या विजारीवर. काल तेवीस भरले! कीथ शेवटी खुर्ची टाकून बसतो, एकेक कप तोंडाला लावतो आणि म्हणतो, "जरा फिकट झालाय, बाई." कोंबड्या आता कपांची खडखड ऐकली की लांब पळतात.

पायाने ठेकाच हवा असेल तर माझा पाय घे. आठ नंबरचा आहे, हॉलच्या टोकापर्यंत ऐकू जाईल. स्वयंपाकघराची वाढपाची खिडकी स्टेजच्या बरोब्बर समोर येते. मी ती सताड उघडी ठेवीन. खुर्चीकडे बघूच नकोस, माझ्याकडे बघ.

ये ना रे.

थर्झा

---

बर्नी
सोमवार, ६ नोव्हेंबर

थर्झा,

खोकं खाली काढलं. यावरून काही समजू नकोस, नुसतं काढलं.

भात्यात उंदराने घर केलं होतं. तीन पिल्लं आणि माझ्या जुन्या मोज्याचा अर्धा भाग. त्यांना बागेत पोचवून भात्याला कातडं चिकटवलं. मग काल संध्याकाळी खांद्यावर घेतलं, आणि बोटं ठेवली तर नाचाची एकही धून आठवेना! शेवटी बोटं आपणहून चालायला लागली आणि वाजली काय, तर राणीची धून, आपलं राष्ट्रगीत. शेजारची म्हातारी स्वयंपाक टाकून कुंपणापाशी ताठ उभी राहिली. मला वाटतं मी मेलो तरी ही धून बोटांत उरेल. तीस वर्षं दर शनिवारी शेवटी तीच. आधी राजासाठी, मग राणीसाठी. ती वाजली की सगळ्यांनी उभं राहायचं, ती संपली की अ‍ॅथल दारं उघडणार आणि मंडळी टोप्या घालून चालू पडणार. एकदा तर कोणीतरी तोंडातला केक तसाच चघळत बाहेर आला होता, पण परत खाली बसला नाही. अ‍ॅथल अजून दारावर असतो का? आता ऐंशीचा तरी असेल.

बरं. तीन नाच बसवलेत. चौथा मागू नका. भाषण नको, हार नको, "आपले सर्वांचे लाडके" नको. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर कोणाला बसवू नका, एवढं गेटनबीबाईंना सांग.

आणि खिडकी उघडी ठेव.

क्लेम

---

कॅल्डर्स ब्रूक
सोमवार, २७ नोव्हेंबर

क्लेम, क्लेम, क्लेम!

घाईत लिहितेय, हाताला पॉलिश लागलंय. किटली घरी आणलीय! गेटनबीबाईंनी स्वतः आणून दिली, दुखऱ्या हाताने, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. मी ती टेबलाच्या मध्ये ठेवलीय आणि आम्ही दोघं तिच्या भोवतीने जेवतो.

शुक्रवारी साडेचारची बस धर. गादी वाळवलीय. मधल्या खुर्चीवर मी माझी शाल टाकून ठेवणार आहे, कोण बसतो बघू. स्ट्रॉबेऱ्या यंदा उतू चालल्यात. नव्वद माणसं येणार. चोवीसचे चोवीस भरतात आता, थेंब सांडत नाही. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा काही सुचत नाही.

थ.

---

कॅल्डर्स ब्रूक
मंगळवार, ५ डिसेंबर

प्रिय क्लेम,

नीट पोचलास ना? रविवारी बसपाशी मला तुला एक सांगायचं होतं, पण कीथ शेजारी होता. म्हणून लिहितेय. तुला स्टेजवरचं ठाऊक आहे, खिडकीच्या आतलं मी सांगते. वाचून झालं की पत्र चुलीत टाक.

मी बंब लावायला विसरले होते.

विजेचा बंब आहे रे आमचा. कडेचा खटका दाबायचा, की अर्ध्या तासात आधण. तो दाबायचं काम किटलीवालीचं, दुसरी कोणी त्याला हात लावत नाही. अकरा वर्षं मी सिंकपाशी उभी राहिले आणि अकरा वर्षं पाणी आपलं गरमच असायचं, सूर्य उगवावा तसं! मी सकाळी आठला आले, बंब भरला, किटली तीनदा पुसली, कप मांडले, परत मांडले, कानांच्या दिशा सारख्या केल्या. आणि खटका तसाच वर.

तुझा पहिला नाच सुरू झाला तेव्हा मी इतकी हवेत होते की सांगता सोय नाही. लोणी लावणाऱ्या बायका सुरीने ठेका धरत होत्या. दुसऱ्या नाचाला आमच्यातल्या दोघी टेबलाभोवती गिरक्या घेत होत्या, हातात सँडविचची ताटं घेऊन, आणि एकही सँडविच पडलं नाही. क्लेम, तू काय वाजवलंस रे! मी पायाने ठेका धरला होता, ऐकू आला का? तिसरा संपत आला तसा गेटनबीबाईंनी हॉलमधून मला मान हलवली. म्हणजे, भर. मी बंबाचं झाकण उघडलं. वाफ नाही. बोट घातलं. गार!

बाहेर नव्वद माणसं, पुढ्यात साय घातलेल्या स्ट्रॉबेऱ्या, रिकामे कप. मी खटका दाबला. पण अर्धा तास कुठून आणू? समितीसमोर मोठ्या तोंडाने घेतलेली किटली पहिल्याच दिवशी जाणार, आणि परत भांडी.

आणि तेवढ्यात तू राणीची धून वाजवलीस.

मला आधी कळलंच नाही. सगळे उठले म्हणून मीही ताठ उभी राहिले, बोट अजून पाण्यातच. धून संपली. अ‍ॅथलने दोन्ही दारं सताड उघडली. आणि मंडळी टोप्या घालून, पर्स उचलून चालू पडली! एकालाही थांबावंसं वाटलं नाही. बाहेर उन्हात पोचल्यावर म्हणे कोणीतरी विचारलं, "अरे, चहा झाला का आपला?"

मग सगळे परत दाराशी, तर अ‍ॅथल दार लावून छाती काढून उभा. "राणी झाली म्हणजे कार्यक्रम संपला. परत आत नाही." त्याच्या मुलीने समजावलं, नातवाने समजावलं. "युद्धात असताना आम्ही..." असं त्याने सुरू केल्यावर सगळे चार पावलं मागे सरले. वीस मिनिटं हा तमाशा चालला होता! शेवटी गेटनबीबाई मागच्या पायरीवर आल्या आणि ओरडल्या, "अ‍ॅथल, हॉल तुझा, स्वयंपाकघर माझं! मंडळी, मागच्या दाराने आत या. पण माझ्या स्वयंपाकघरातून कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही."

पुढचं तू पाहिलंसच. बांधल्यापासून ज्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकलं नव्हतं तिथून अख्खं खोरं गेलं. जो तो आत येतोय, "मी काय घेऊ? मला काय देता?" असं विचारतोय. कीथने आयुष्यात पहिल्यांदा लोणी लावलं, बोटाएवढं जाड. पोस्टमास्तर एका हातावर तीन केक घेऊन निघाले आणि बायको मागून, "अहो, घरी एक बशी उचलत नाही तुम्ही!" आणि तू, फडकं खांद्यावर टाकून कप पुसणारा, कुठे ठेवू म्हणून विचारणारा. बंब कधी खदखदायला लागला ते गोंगाटात कोणाला कळलंसुद्धा नाही. मी किटली उचलली. चोवीस, परत चोवीस, परत चोवीस, आणि अठरा. थेंब सांडला नाही. मला इतकं हसू येत होतं की लोकांना वाटलं मला ऊन लागलंय.

आता जे सांगायचंय ते सांगते. सगळं खोरं तुझ्यावर हसतंय. प्रेमाने हसतंय, पण हसतंय. काल बेकरीत म्हणत होते, "क्लेम पायबसचं डोकं चळलं बिचाऱ्याचं, चहाच्या आधीच राणीला निरोप दिला." आणि मी तिथे पाव हातात घेऊन गप्प उभी राहिले. बंबाचं कळलं तर किटली जाईल म्हणून. बोटं घाबरली की जुनी वाट धरतात, तूच लिहिलं होतंस की ती धून आपोआप येते. तुझ्या चुकीने मी वाचले, आणि तू चुकलास हे मी लोकांना म्हणू दिलं. मला लाज वाटते.

थर्झा

---

बर्नी
सोमवार, ११ डिसेंबर

थर्झे,

लाजबीज काही नको. पत्र चुलीत टाकलं. हेही टाक.

चूक कोणाची? माझी? तीस वर्षं वाजवतोय मी!

तूच लिहिलं होतंस, खुर्चीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी बघत होतो. तीन नाचभर कान तुझ्या पायाकडे आणि डोळे तुझ्या तोंडाकडे. इतकी खूश बाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तुला बघून तिसरा नाच मी बसवला होता त्याच्या दुप्पट वेगाने वाजवला. मग तू झाकण उघडलंस, बोट घातलंस, आणि तुझं तोंड असं झालं की मला आठ वर्षांची थर्झा दिसली, दुधाची बादली लाथाडल्यानंतरची. बंबात बोट घालून माणूस तसं तोंड करतो त्याला एकच कारण असतं.

चौथा नाच मला येत नव्हता. नव्वद माणसं जागेवरून उठवील आणि अर्धा तास बाहेर ठेवील अशी एकच गोष्ट माझ्या बोटांत होती. अ‍ॅथल दाराशी आहे हे बघून घेतलं आणि वाजवली. तो पाच मिनिटांत विरघळला असता तर आपली पंचाईत होती, पण माझा त्याच्यावर विश्वास होता.

तेव्हा हसू दे लोकांना. किटली सांभाळ आणि तोंड बंद ठेव.

आणि एक. मला वाटलं होतं वाजवणं जड जाईल. गेलं, पहिला अर्धा नाच. पण खरी मजा मला कप पुसताना आली. कोणाच्या तरी हातून ओला कप घ्यायचा, पुसायचा, पुढच्या हातात द्यायचा. माझ्या डावीकडची बाई मला सारखी ओरडत होती, "दांडीच्या आत पुसा, आत!" दोन वर्षांत मला कोणी असं ओरडलं नव्हतं. घरी आल्यावर मी स्वतःचा एकुलता एक कप दांडीच्या आत पुसला आणि मोठ्याने हसलो.

पुढच्या वर्षी मला बोलवा. अकॉर्डियन आणीन, सहा नाच बसवीन. पण नंतर मला फडकं द्या.

क्लेम

---

कॅल्डर्स ब्रूक
शुक्रवार, १५ डिसेंबर

प्रिय क्लेम,

तोंड बंद ठेवलं नाही. रागव.

तुझं पत्र काल दुपारी आलं. ते वाचून मी पायऱ्यांवर बसले, आणि कीथने विचारलं, "कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, मला असा भाऊ आहे." मग तशीच एप्रनवर उठले, किटली अभ्र्यात गुंडाळली आणि गेटनबीबाईंकडे गेले. समितीच्या इतर जणीही तिथे नाताळचे पुडे बांधत बसल्या होत्या. बरं झालं, एकदाच सांगावं लागलं. बंबाचं सांगितलं, खटक्याचं सांगितलं, बेकरीत मी पाव धरून गप्प राहिले तेही सांगितलं. तू काय केलंस ते सांगताना मला रडू आलं, पण अभिमानाचं. किटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही घ्या. पण माझ्या भावाचं डोकं चळलंय असं परत कोणी म्हणायचं नाही."

दोरीची गाठ बांधता बांधता एकीचं बोट तसंच गाठीवर राहिलं.

गेटनबीबाईंनी किटली अभ्र्यातून बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली, आणि माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "बंब विसरणारी बाई मला चालेल, थर्झा. पुढच्या वर्षी तू पहाटेच खटका दाबशील आणि दर पाच मिनिटांनी बोट घालून बघशील, हे मला माहीत आहे. पण भावाला वेडा ठरू देऊन ही किटली धरणारी मला चालली नसती. आज आली नसतीस आणि मला दुसरीकडून कळलं असतं, तर ही मी तुझ्या हातून काढून घेतली असती."

मग त्या जागच्या जागी हसायला लागल्या. मनगट दुखेपर्यंत हसल्या. "अर्धा तास! आणि अ‍ॅथल! अगं, त्याला माहीत होतं अ‍ॅथल हलणार नाही!" मग सगळ्याच हसत सुटल्या, पुडे सुटले, मी जमिनीवर बसले. आणि तिथल्या तिथे ठराव झाला. यापुढे दरवर्षी स्ट्रॉबेरीच्या चहाला राणीची धून मध्येच वाजवायची, सगळ्यांनी पुढच्या दाराने बाहेर जायचं आणि स्वयंपाकघरातून काहीतरी उचलून आत यायचं. अ‍ॅथलला विचारलं. तो म्हणाला, राणीचा मान राहत असेल तर त्याची हरकत नाही, पण परत आत यायला दार तो उघडणार नाही ते नाहीच.

तुझ्या फडक्याचंही मी विचारलं. गेटनबीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "फडकं? एकदम? आमच्याकडे सुरुवात भांड्यांपासून होते." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, रीत ती रीत. तेव्हा पुढच्या डिसेंबरपासून तू सिंकपाशी. फडक्यावर जी आहे ती हलायला निदान सात वर्षं लागतील. लोण्याला त्यापुढे चार. केकला किती ते मी मोजलं नाही. तुझं वय मी त्यांना सांगितलेलं नाही.

म्हणून आतापासून वेळेवर जेव, थंडीत मफलर घाल आणि डॉक्टरकडे जायचं टाळू नकोस. एवढी वर्षं तुला काढायची आहेत, आणि तू ती काढणार आहेस.

तुझी
थर्झा